लेखणीचा पराक्रम

राजा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर घोडा येतो, तलवार येते, गडाचा बुरूज येतो. राजाचे दफ्तर काही येत नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी व नाटककारांनी शंभर वर्षांहून अधिक काळ लढाया रंगविल्या, कारस्थाने रंगविली, थोरामोठ्यांच्या घरांतील रुसवेफुगवे रंगविले. परंतु ज्या राज्यासाठी हे सारे चालले होते, त्या राज्यात धान्याच्या भावावर कोणाची नजर होती, गडावरच्या टाक्यात पाणी किती उरले ह्याची नोंद कोण ठेवीत होता, गलबताचे लाकूड कोणत्या रानातून येत होते, ह्या प्रश्नांकडे फारसे कोणी वळले नाही. राज्य मिळविणे ही कथा आणि राज्य चालविणे हा हिशेब, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेविली आहे. आणि हिशेबात रस कोणाला असणार!

ही समजूत ढिली करणारी एक कृती अलीकडे आमच्या पाहण्यात आली. ती जपानी आहे, आणि तीही ज्याला जपानी मंडळी 'ॲनिमे' म्हणतात त्या जातीची, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका. येथे गिंडीत आमच्या शेजारपाजारच्या तरुण मंडळींत अशा मालिकांचे वेड चांगलेच पसरले आहे, आणि त्यांच्या आग्रहाने आम्ही ती पाहावयास घेतली. तिच्या जपानी नावाचा अर्थ 'वास्तववादी वीराने केलेली राज्याची पुनर्घडण' असा काहीसा होतो. मूळ कथा 'डोजोमारू' हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाची असून ती २०१६ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, पुढे जे. सी. स्टाफ ह्या चित्रसंस्थेने तिची २६ भागांची मालिका केली, व ती २०२१ आणि २०२२ ह्या वर्षांत दाखविली गेली.

कथेचा प्रारंभ सर्वस्वी परीकथेचा आहे. सोमा काझुया नावाचा एक जपानी विद्यार्थी मंत्रसामर्थ्याने एल्फ्रीडेन नामक परक्या राज्यात ओढून आणला जातो. ह्या जगात राक्षसांनी कित्येक देश गिळलेले आहेत. त्यांच्याशी युद्ध चालविणारे एक बलाढ्य साम्राज्य एल्फ्रीडेनकडे युद्धखर्चाची मागणी करते. आणि पैसा नसेल तर 'वीर' बोलावून आणा, असे सुचविते. एल्फ्रीडेनचा खजिना रिता आहे. अशा वेळी बोलावून आणलेल्या वीराने तलवार उपसून उत्तरेकडे कूच करावे अशी वाचकाची अपेक्षा असते. हा वीर मात्र राज्याची आर्थिक स्थिती काय आहे ते विचारतो, आणि साम्राज्याची मागणी भागविण्याइतका पैसा राज्यातच कसा उभा करता येईल ते समजावून सांगतो. ते ऐकून आल्बर्ट राजा सिंहासनच त्याच्या स्वाधीन करतो, व आपली कन्या लिसिया हिची सोयरीक त्याच्याशी ठरवून मोकळा होतो!

ह्या वीराला लाभलेली दैवी शक्तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या मनाचे अंश निर्जीव वस्तूंत घालून त्या वस्तू हलविता येणे, ही ती शक्ती. आणि तिचा त्याने आरंभी केलेला उपयोग म्हणजे एकाच वेळी अनेक लेखण्या चालवून साचलेल्या कागदांचा फडशा पाडणे. मार्चअखेरीस ज्यांच्या मेजावरील फायलींआड समोरचा माणूस दिसेनासा होतो, त्या आमच्या वाचकांना ह्याहून मोठे वरदान सुचेल असे वाटत नाही. विनोद बाजूला ठेवला तरी कल्पनेचे महत्त्व उरतेच. लेखणी चालविणे हाही पराक्रम होऊ शकतो, असे एखाद्या अद्भुत कथेने मानावे, ही आम्हांस तरी नवी गोष्ट वाटली.

पुढील कथाभागात सोमाने योजिलेले उपाय एकामागून एक येतात. राजवाड्यातील मौल्यवान चिजांची तो छाननी करतो. ज्यांना केवळ किंमत आहे त्या विकतो, ज्यांना इतिहास आहे त्या राखतो. देशात अन्नाचा तुटवडा का पडला ह्याचा शोध घेता असे आढळते की, कापसाला भाव आला म्हणून शेतकऱ्यांनी धान्य सोडून कापूस लाविला होता. विदर्भातून आलेल्या वाचकाला ह्या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगावयास नको. मग तो साऱ्या राज्यात दवंडी देतो की, ज्याच्या अंगी जो गुण असेल तो घेऊन त्याने दरबारी यावे. ह्या दवंडीने जी माणसे येतात त्यांत पोंचो नावाचा एक लठ्ठ गृहस्थ आहे. देशोदेशींचे पदार्थ चाखण्यात त्याने घरदार उधळलेले असते आणि भरल्या दरबारात त्याची टर उडते. परंतु ज्या देशात अन्न कमी आहे, त्या देशाला 'खाण्याजोगे म्हणून आजवर कोणी ज्याकडे पाहिले नाही असे काय काय आहे' हे ठाऊक असलेला माणूस अमोल आहे, हे सोमा ओळखतो, आणि त्याच्यावर अन्नाचे खाते सोपवितो. मालिकेतील हे प्रसंग खरोखर सुंदर आहेत. त्यांत मनुष्याची पारख आहे, आणि उपहासाच्या धन्याला मान मिळताना पाहण्याचा निर्मळ आनंद आहे.

हे सर्व पाहत असता मराठी माणसाला एका ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. इ. स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत, हा नऊ प्रकरणांचा लहानसा ग्रंथ सिद्ध झाला. राजाने कसे वागावे, प्रधान कसा असावा, सावकारांना कसे वागवावे, टोपीकरांशी किती अंतर राखावे, वतनदारांना कोणत्या मर्यादेत ठेवावे, वृत्ती व इनामे देताना काय पाहावे, गड कसे बांधावे व आरमार कसे पोसावे, हे त्याचे विषय. ग्रंथाला रूप आज्ञेचे आहे. परंतु त्याचा आवाज एका वृद्ध कारभाऱ्याचा आहे. थोरल्या महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींची राजवट पंतांनी पाहिली होती.

आम्हा मद्रासकर मराठी मंडळींचा तर ह्या गृहस्थाशी विशेष ऋणानुबंध असावयास हवा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीस येऊन पोचले. गिंडीपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेला हा दुर्गम किल्ला १६९८ मध्ये मोगलांच्या हाती पडेपर्यंत मराठ्यांच्या राजधानीचा मान बाळगून होता. राजा येथे तमिळ मुलखात वेढ्यात अडकलेला असता तिकडे सह्याद्रीत राज्याचा सर्व भार 'हुकूमतपन्हा' ह्या अधिकाराने ज्यांनी वाहिला, ते हेच रामचंद्रपंत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी आहे. रविवारी जिंजी पाहून येणाऱ्या आमच्या मंडळींनी तेथील धान्याची कोठारे आणि पाण्याची तळी जरा थांबून पाहावीत. तटाइतकीच त्यांनीही राजधानी तारली होती.

सोमाच्या कथेशी 'आज्ञापत्र' ताडून पाहिले म्हणजे दोहोंचे गुण अधिक स्पष्ट होतात. झाडांचाच विषय घेऊ. मालिकेत आयशा नावाची एक वनवासी योद्धी आपल्या रानाचे रक्षण व्हावे म्हणून राजाकडे येते. तिचे लोक झाड तोडणे पाप मानतात. रान फार दाट वाढू दिले तर झाडे कमकुवत होतात, जमीन धरून ठेवीत नाहीत व डोंगर खचतो. म्हणून अधूनमधून काही झाडे काढलीच पाहिजेत, असे सोमा तिला शिकवितो. पुढे खरोखरच तेथे दरड कोसळते, आणि राजाचे बोल खरे ठरतात. वनशास्त्राचा हा धडा अचूक आहे.

पंतांनाही झाडे तोडावयाची आहेत. आरमाराला लाकूड हवे. सागवान वगैरे लाकूड राज्यातील रानांतून परवानगीने आणावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे, असे ते सांगतात. आंबा व फणस ह्यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे हे त्यांना पुरते ठाऊक आहे, आणि तरीही ते म्हणतात की त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे जतन करून वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, आणि एकाला दुःख देऊन साधलेले कार्य करणाऱ्यासह थोड्याच काळात बुडून जाते, असा त्यांचा आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मग ते तोडावे. येथे सोमा आणि पंत ह्यांच्यातील अंतर कळून येते. सोमाला झाड कसे वाढते हे माहीत आहे. पंतांना झाडाबरोबर ते लावणाऱ्याचे मनही माहीत आहे.

पाण्याचेही तसेच. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हे कोणीही सांगेल. परंतु झरा वाहता असला तरी त्यावर विसंबू नये, वेगळी टाकी खोदून पाणी राखावे, असे सांगताना पंत जे कारण देतात, ते केवळ तर्काने सुचणारे नव्हे. लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते, हे ते कारण. ज्यांनी वेढे सोसले, त्यांच्याकडूनच हे ज्ञान ग्रंथात आले असले पाहिजे. गडावर केर साचू देऊ नये. तो गडाखालीही टाकू नये. जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून भाजीपाला करावा, इतक्या बारकाव्यापर्यंत हा अमात्य उतरतो. आमच्या समजुतीप्रमाणे राजनीतीच्या ग्रंथांत केराची अशी व्यवस्था लावणारे ग्रंथकार फार थोडे.

टोपीकरांविषयीचे प्रकरण तर मद्रासेत बसून वाचावे. ह्या व्यापाऱ्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत. त्यांना व्यापारापुरते येऊ-जाऊ द्यावे. समुद्रकाठी वा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. दिलीच तर दूर आत द्यावी, आणि तेथे पक्क्या इमारती उठवू देऊ नयेत, असे पंत बजावितात. आपण ज्या शहरात राहतो ते शहर नेमके हा नियम मोडून जन्मास आले. १६३९ मध्ये ह्या किनाऱ्यावरील वाळूचा एक पट्टा येथील नायकाने इंग्रज व्यापाऱ्यांना दिला. त्यांनी तेथे सेंट जॉर्जचा किल्ला बांधिला. आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पंतांनी हे लिहिले तेव्हा त्या देणगीला पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, करमणुकीसाठी केलेल्या मालिकेला राजनीतीच्या ग्रंथाशेजारी बसविणे अन्यायाचे आहे. परंतु ही मालिकाच आपल्या नायकाच्या तोंडी मॅकियाव्हेलीचा आधार घालते. हा मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या दफ्तरातील चिटणीस होता. १५१२ मध्ये त्याची जागा गेली आणि १५१३ मध्ये त्याने 'प्रिन्स' ह्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ लिहिला. पंतांप्रमाणे तोही कागदांत वाढलेला माणूस. एकदा त्याचे नाव घेतले म्हणजे त्याच्या पंगतीचे नियमही मान्य करावे लागतात. शिवाय मालिकेने स्वतःला 'वास्तववादी' म्हणविले आहे. तेव्हा वास्तवाच्या कसोटीला तिने नाही म्हणता कामा नये.

ह्या कसोटीला मालिका जेथे उणी पडते ती जागा विरोधाची आहे. सोमा जो उपाय सुचवितो, तो लागू पडतो. कापूस काढून धान्य लावा म्हटले की शेतकरी धान्य लावितात. ज्या व्यापाऱ्याची कापसावर पेढी उभी आहे, ज्या जमीनदाराने कापसाच्या भरवशावर कर्ज घेतले आहे, तो काय म्हणतो हे कथेला फारसे ऐकावेसे वाटत नाही. सरदारांपैकी जे विरोध करतात, त्यांच्याही दोनच जाती. एक भ्रष्ट व दुटप्पी सरदारांची. त्यांचा योग्य वेळी कठोरपणे निकाल लागतो. दुसरी जात सेनापती गेओर्ग कार्माइन ह्याची. तो बंडाचा आव आणून भ्रष्टांना आपल्याभोवती गोळा करितो, हेतू हा की राजाने त्या सर्वांना एकदमच नाहीसे करावे. म्हणजे वरवर जो शत्रू दिसतो तोही अंतरी राजाचाच माणूस! कथानकाची ही कलाटणी पाहताना रोमांच उभे राहतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रामाणिक असून विरोध करणारा, आपल्या हितासाठी विरोध करणारा आणि तरीही राज्याला ज्याच्यावाचून चालत नाही असा मनुष्य हिच्यात नाही. राज्यकारभार ज्याने जवळून पाहिला आहे, मग तो कारकुनाच्या खुर्चीवरून का असेना, त्याला हे ठाऊक असते की सर्वांत कठीण प्रकरण ह्याच मनुष्याचे.

'आज्ञापत्रा'त ह्या मनुष्याला नाव आहे: वतनदार. पंतांचे वतनदारांविषयीचे प्रकरण हे मराठी गद्यातील अत्यंत तीक्ष्ण लेखनांपैकी एक आहे. हे लोक नावाचे चाकर, वस्तुतः लहान लहान राजेच; असलेल्यावर संतुष्ट राहणे त्यांना माहीत नाही; परचक्र आले की वतनाच्या आशेने शत्रूला आधी तेच भेटतात व घरचा भेद त्याला देतात. इतके लिहून झाल्यावर ह्यांना नाहीसे करा असे पंत सांगतील, असे वाचकाला वाटते. ते तसे सांगत नाहीत. वतन चालू द्यावे, पण रयतेवर जोर करू देऊ नये; मान द्यावा, पण आज्ञेबाहेर जाऊ देऊ नये; स्नेह आणि दंड ह्यांच्यामध्ये त्यांना धरून ठेवावे, असे ते सांगतात. ज्याच्याविषयी इतके वाईट मत आहे, त्याच्याच बरोबर उद्याही राहावयाचे आहे, हे त्यांनी गृहीत धरिले आहे.

आणि त्याच्याही पलीकडची एक गोष्ट आहे. १६८९ नंतरच्या धामधुमीत औरंगजेब बादशहा वतनांची लालूच दाखवून मराठे सरदारांना ओढू लागला, तेव्हा राजाराम महाराजांनी आणि खुद्द रामचंद्रपंतांनी वतने व इनामे देऊनच माणसे राखिली. इनाम दिल्याने राज्य क्षीण होते, असे जो ग्रंथ सांगतो, त्याच्या कर्त्याने स्वतः ती सनदापत्रे दिलेली आहेत. आणि त्याच्या घराण्याकडे गगनबावड्याची जहागीर पिढ्यान् पिढ्या राहिली. कोणी ह्याला ढोंग म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. राज्य वाचविण्यासाठी जे केले, त्यानेच राज्य पोखरले जाणार, हे ज्याला केल्यानंतर पंचवीस वर्षे दिसत राहिले, त्या माणसाची ही साक्ष आहे. म्हणूनच तिला वजन आहे. सोमाच्या निर्णयांना परिणाम आहेत, पण सल नाही. रात्री झोप न येण्याइतका विचार तो करितो खरा. तथापि ज्या उपायाने आज भागले तोच उद्या आपल्याला छळावयास येईल, असा एकही प्रसंग त्याच्या कारभारात आम्हांस आढळला नाही.

आता आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. सोमा हा परका आहे. दुसऱ्या जगातून आणून त्याला गादीवर बसविले आहे, आणि तेथील लोकांना नसलेले ज्ञान त्याच्याजवळ आहे, ह्या एका गृहीतावर सारी कथा उभी आहे. आपल्यातील बहुतेकांची स्थिती फार वेगळी आहे काय? बदलीचा हुकूम हाही एक मंत्रच. तो माणसाला उचलून अशा मुलखात आणून ठेवितो की, जेथील पाटी वाचता येत नाही आणि ज्याच्या अर्जावर शेरा मारावयाचा त्याच्याशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत. अशा वेळी आपण येथे काही तरी शिकवावयास आलो आहोत, ही समजूत मनात हळूच घर करिते. मालिका ह्या समजुतीला गोंजारते, आणि म्हणूनच ती पाहताना सावध राहिले पाहिजे.

मालिकेच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, तिच्यातील एका कथाभागात तिने स्वतःच ही समजूत मोडली आहे. समुद्रकाठी नवे शहर वसविण्याचे काम चालू असते. तेथील एक म्हातारा त्या जागी घरे बांधू नका म्हणून अडून बसतो. समुद्रदेव कोपेल असे तो सांगतो. अधिकारी त्याला अडाणी समजतात. सोमा त्याचे म्हणणे ऐकून घेतो, आणि देवाच्या कोपाच्या त्या दंतकथेत पूर्वी येऊन गेलेल्या प्रलयंकारी लाटेची आठवण दडलेली आहे हे ओळखून शहराचा आराखडा बदलतो. २६ डिसेंबर २००४ रोजी मद्रासच्या किनाऱ्यावर त्सुनामीने जे केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या प्रसंगाचे मोल कळेल. साऱ्या मालिकेत राजा जेथे सर्वांत शहाणा दिसतो, ती जागा त्याने शिकविण्याची नसून ऐकण्याची आहे.

ऐकावयाचे म्हटले तर ह्या तमिळ मुलखापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. येथून नव्वदेक किलोमीटरांवर उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील देवळाच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ ह्या वर्षांचे, दोन लेख कोरलेले आहेत. ब्राह्मणांच्या ह्या गावसभेच्या समित्या कशा निवडाव्यात ह्याचे नियम त्यांत आहेत. उमेदवार पस्तिशीच्या वरचा व सत्तरीच्या आतला असावा. त्याची स्वतःची सारा भरणारी जमीन असावी. नावांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकून त्या लहान मुलाकडून काढवाव्यात. ह्यात तळ्यांची व्यवस्था पाहणारी वेगळी समिती आहे. आणि जो पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिलेला नाही, तो तर अपात्रच, पण त्याचे नातलगही अपात्र! ऑडिटच्या खात्यात दिवस काढलेल्या कोणा वाचकाला हा लेख वाचून हात जोडावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. एल्फ्रीडेनला कोणी तरी बाहेरून यावे लागले. येथे हजार वर्षांपूर्वी गावचे लोक आपल्या तळ्याचा आणि आपल्या हिशेबाचा बंदोबस्त आपणच करीत होते.

मग ज्ञान असूनही कारभार का बिघडतो? ह्याचे उत्तर शोधावयास गिंडीहून फार लांब जावे लागत नाही. देशातील जुन्यांत जुन्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांपैकी एक येथेच आहे. १७९४ मध्ये मोजणीची शाळा म्हणून निघालेली ही संस्था १९२० मध्ये गिंडीस आली. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर वेळच्चेरी आहे. पूर्वी तेथे विस्तीर्ण तळे होते. शहर वाढत गेले तसे ते वस्तीखाली आक्रसत गेले. डिसेंबर २०१५ च्या महापुरात त्या भागातील घरांत पाणी भरले. पाणी कोणीकडे जाते हे जुन्या तळेकऱ्यांना ठाऊक होते, नव्या अभियंत्यांनाही ठाऊक होते. परंतु तळ्याच्या जमिनीत ज्याचे हित गुंतले, तो प्रत्येक जण लहानसा वतनदार झाला. आणि त्यांत केवळ धनदांडगेच होते असे नाही, कर्ज काढून दोन खोल्या घेतलेले आपल्यासारखे नोकरदारही होते. त्यांना भ्रष्ट म्हणून निकालात काढता येत नाही, आणि तेथेच राहू दिले तर पाणी वाट सोडीत नाही. हे प्रकरण सोमाच्या मेजावर आले असते तर त्याने काय केले असते, ते मालिका सांगत नाही. पंतांनी काय केले असते ह्याचा मात्र आपल्याला काहीसा अंदाज करता येतो: झाडाच्या धन्याला राजी करून, मोल देऊन, मग कुऱ्हाड घालावी.

कलाकृती म्हणून पाहता मालिकेत आणखीही दोष आहेत. पात्रे फार बोलतात. कित्येक भाग म्हणजे बैठकीचा वृत्तान्तच होऊन बसले आहेत. युद्धाच्या प्रसंगी चित्रांचे दारिद्र्य उघडे पडते. आणि स्त्रियांच्या बाबतीत तिची दृष्टी पोरकट आहे. लिसिया सैन्यात तयार झालेली, आयशा पराक्रमी, जुना गुणी गायिका, रोरोआ अर्थव्यवहारात राजाच्याही पुढची. परंतु एकेक करून ह्या सर्वांची गाठ राजाशीच बांधून दिली जाते. गुणांची कदर करणाऱ्या राजाच्या राज्यात स्त्रीच्या गुणाला राणीपदावाचून दुसरी जागा लेखकाला सुचू नये, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि हे सर्व दोष जमेस धरूनही आमचे मत मालिकेला अनुकूल आहे. धान्य, रस्ते, हिशेब आणि माणसांची पारख ह्यांवर रोमहर्षक कथा उभी राहू शकते, आणि जगभरची तरुण मुले ती आवडीने पाहू शकतात, हे तिने सिद्ध केले आहे. आपल्याकडे साहित्याला हवी ती सामग्री तिच्याहून कितीतरी समृद्ध आहे. जिंजी आणि सह्याद्री ह्यांच्यामध्ये मोगली फौजा पसरलेल्या असताना कागद कसे जात-येत होते; वतनाच्या सनदेवर सही करिताना रामचंद्रपंतांच्या मनात काय चालले होते; ज्याला इनाम दिले त्याच्याच भरवशावर गड सोडताना त्यांना काय वाटले असेल; ह्या विषयावर अजून मोठी कादंबरी व्हावयाची आहे. ती लिहिणाऱ्याला तलवारीचे वर्णन साधले नाही तरी चालेल. त्याला फायलीतील एका शेऱ्यामागे किती माणसे उभी असतात एवढे ठाऊक असावे. आणि असा लेखक ह्या मासिकाच्या वाचकांतून, एखाद्या दूरच्या कचेरीतून पुढे आला, तर आम्हांस मुळीच आश्चर्य वाटणार नाही.